वेशीबाहेरची सायकलवाट : कारंजा लाड

कारंजा लाडला चार वेशी आहेत. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. नावातच वाट सांगितलेली आहे : ज्या वेशीतून बाहेर पडाल, त्या गावाकडे निघाल. तटाच्या भिंती बऱ्याच ठिकाणी ढासळल्या, वस्ती कधीच वेशीबाहेर पसरली, पण गावातला माणूस पत्ता सांगताना अजून वेशीचाच आधार घेतो. या गावात मोटारीने फिरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या कारंजातल्या गल्ल्या माणसांच्या आणि बैलगाड्यांच्या मापाने आखलेल्या आहेत. त्यांना सायकलच मानवते.

आज वाशीम जिल्ह्यात असलेले हे तालुक्याचे गाव १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. बाहेरगावचे बहुतेक लोक येतात ते गुरुमंदिरासाठी. श्री नृसिंह सरस्वतींचे हे जन्मस्थान. औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर ही दत्तभक्तांच्या ओठांवरची नावे ज्या चरित्रातली, ते चरित्र इथून सुरू होते. गाडी लावायची, दर्शन घ्यायचे, प्रसाद घ्यायचा आणि संध्याकाळच्या आत परतायचे, असा बहुतेकांचा क्रम. त्यात बाकीचे कारंजा राहून जाते.

राहून जाणारे थोडेथोडके नाही. दिगंबर जैनांच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची भट्टारकपीठे, म्हणजे धर्मगुरूंच्या गाद्या, एकाच गावात होती. काष्ठासंघाच्या चंद्रनाथ स्वामी मंदिरातले लाकडी कोरीवकाम सावकाश पाहायचे काम आहे. त्याहून मोठा ठेवा होता हस्तलिखितांचा. इथल्या शास्त्रभांडारांत जपलेल्या अपभ्रंश पोथ्यांवर डॉ. हिरालाल जैन यांनी काम केले आणि १९३०च्या दशकात कारंजा जैन ग्रंथमालेतून पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ आणि ‘णायकुमारचरिउ’ छापून जगापुढे आले. मराठीच्या जन्माआधीची बोली कशी होती हे शोधणाऱ्या अभ्यासकाला कारंजाचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. १९१८ साली स्थापन झालेला महावीर ब्रह्मचर्याश्रमही याच गावातला.

हे सारे इथे का जमले, याचे उत्तर बाजारात आहे. कारंजा ही वऱ्हाडातली श्रीमंत पेठ होती. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंजावर छापा घातला, तेव्हा लूट वाहून न्यायला चार हजार बैल आणि गाढवे लागली, असे इतिहासग्रंथ सांगतात. एका सावकाराने उंटांवर आलेली सगळी कस्तुरी विकत घेऊन ती हवेलीच्या चुन्यात कालवली, अशी आख्यायिकाही गावात सांगतात.

आता वेशीबाहेर पडू. सायकल खरी फिरते ती इथे. गावाभोवती शेताशेतांतून पांदण रस्ते गेले आहेत. दोन्ही बाजूंना तूर, कपाशी, सोयाबीन, मध्येच एखादी संत्र्याची बाग, बांधावर बाभळी आणि निंब. पांदणीवर बैलगाडी भेटते, ट्रॅक्टर भेटतो, मोटार क्वचितच. पण हंगाम पाहून निघावे. पावसाळ्यात काळी माती टायरला अशी चिकटते की मडगार्ड भरून चाक फिरायचे थांबते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. दिवाळी ते होळी हे दिवस उत्तम. पहाटे निघालात तर कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या बाजूला माळावर काळवीट दिसण्याची आशा असते. सुमारे १८ चौरस किलोमीटरचे हे गवताळ रान मुख्यतः त्यांच्यासाठीच राखलेले आहे. आत जायचे तर वनखात्याची परवानगी घेऊनच जावे.

पण मला सांगायचे आहे ते दुसऱ्याच एका वाटेबद्दल. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला जाणारी ११३ किलोमीटरची नॅरोगेज, आपली शकुंतला. किलिक निक्सन कंपनीने १९१० मध्ये काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा हा लोहमार्ग. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीपर्यंत पोचवायचा, तिथून मुंबई आणि पुढे मँचेस्टर, हा हेतू. मँचेस्टरमध्येच १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत तिने वापरले. डिझेल इंजिन आल्यावरही वेग ताशी वीसेक किलोमीटरच. फाटक आले की गाडीवरचाच माणूस खाली उतरायचा, फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की उघडायचा. गेल्या दशकात ती थांबली, आणि गरिबाला परवडणारे तिकीट गेले.

तिचा तो वेग म्हणजे सायकलचाच वेग. शिवाय लहान इंजिनाला झेपावे म्हणून लोहमार्गाचा चढ सहसा हलका ठेवलेला असतो, त्यामुळे नव्या माणसालाही अशा वाटेवर दम लागत नाही. फ्रान्सने नेमके हेच हेरले. बर्गंडी प्रांतात जिव्री ते क्लुनी या ४४ किलोमीटरच्या बंद लोहमार्गावर १९९७ मध्ये त्या देशाची पहिली ‘हिरवी वाट’ सुरू झाली : रूळ काढलेले, डांबर टाकलेले, मोटारीला मज्जाव. कालव्यांच्या काठी पूर्वी नावा ओढणारे घोडे चालत, त्या वाटाही आता सायकलवाल्यांच्या झाल्या. १६८१ मध्ये पुरा झालेला, तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा मिदी कालवा त्यांतलाच. लोआर नदीच्या काठाने तर सुमारे ९०० किलोमीटर सायकलमार्ग आहे. माणसे मुलाबाळांसह दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर जातात, गावात मुक्काम करतात, तिथेच जेवतात. पैसा खेड्यात उतरतो.

आपल्याकडे आज उलटे आहे. समृद्धी महामार्ग कारंजाजवळून, काळविटांच्या अभयारण्यातून गेला. त्याचा उपयोग मी नाकारत नाही. मात्र ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर सायकलला प्रवेश नाही, आणि जुन्या राज्य रस्त्यांवर ट्रकच्या शेजारून सायकल हाकणे जिवावरचे काम आहे. शाळेत जाणारी मुलगी सायकलवरच असते, हेही विसरू नये.

शकुंतलेचे रूळ उखडून सायकलवाट करा, असे मी म्हणणार नाही. फ्रान्सने ज्यांची गरज संपली असे मार्ग घेतले. कारंजाची रेल्वेची गरज संपलेली नाही. ब्रॉडगेज व्हावी ही इथल्या लोकांची जुनी मागणी आहे आणि ती पुरी झालीच पाहिजे. मात्र नवा मार्ग जिथे जुन्या मार्गापासून बाजूला सरकेल, तिथे मोकळी होणारी पट्टी आणि तिच्यावरचे लहान पूल सायकलसाठी राखावेत. जिथे तोच मार्ग राहील, तिथे कुंपणाबाहेर एक सायकलवाट आखावी. कारंजा ते मूर्तिजापूर हा पहिला टप्पा तीसेक किलोमीटरचा. मूर्तिजापूर मुंबई-हावडा मार्गावर आहे, म्हणजे दूरचा माणूस तिथे उतरून सायकलने गुरुमंदिरापर्यंत येऊ शकेल.

जुन्या मार्गावर झुडपे वाढत आहेत. आधी रान वाढते, मग टपरी येते, मग पक्की भिंत. रेल्वेने आणि जिल्हा प्रशासनाने ही जमीन आत्ताच मोजून, खुणा रोवून ठेवावी.