ऑपरेशन बाईनंच का करायचं?

‘दोन लेकरं झाली, आता ऑपरेशन करून घे,’ हे आपल्याकडं बाईलाच सांगतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात शंभरातल्या सुमारे 49 विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आढळलं. नवऱ्यांची नसबंदी शंभरात एकही भरली नाही.

बाईच्या पोटाला छेद द्यावा लागतो. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी त्याहून सोपी. जागा बधिर करून, बारीक छिद्रातून बीज नेणाऱ्या नळ्या बंद करतात. माणूस त्याच दिवशी घरी येतो. दोन दिवस आराम करायचा, आठवडाभर जड काम करायचं नाही.

‘मालकांची ताकद जाईल,’ ही भीती आम्ही बचत गटाच्या बैठकीत नेहमी ऐकतो. पण पुरुषाला बळ देणारा रस अंडकोषातून थेट रक्तात जातो, त्या नळ्यांतून नाही. म्हणून इच्छा, संबंध, उसाची मोळी उचलायचं बळ, सगळं पहिल्यासारखंच राहतं.

मात्र गुण लगेच येत नाही. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं. बीज नाही असा अहवाल आला की मगच निर्धास्त व्हायचं. ही तपासणी चुकली आणि दिवस राहिले, तर संशय बाईवर येतो.

नसबंदी कायमची असते. दोघांनी मिळून ठरवा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. दरवर्षी 21 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो. पण तोवर कळंब, वाशी, भूमकडच्या कितीतरी जोड्या ऊसतोडीला गेलेल्या असतात. त्यामुळं टोळी हलायच्या बऱ्याच आधी आशाताईंना विचारा, आणि मालकांनाही सोबत न्या.