जखम भरावी, नळी भरू नये

श्रोतेहो, मी डॉक्टर नाही. शब्दांशी खेळणारा माणूस. पण एका शब्दानं आमच्या घरात मोठा घोळ घातला, त्याची ही गोष्ट.

आमच्या मामूंची अँजिओप्लास्टी झाली. फुगा फुगवताना हृदयाची रक्तवाहिनी फाटली आणि रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत झिरपू लागलं. असं क्वचितच होतं. डॉक्टरांनी ताबडतोब आत आच्छादित स्टेंट बसवला आणि मामू वाचले. रत्नागिरीला परतल्यावर दोन महिन्यांनी म्हणाले, ‘‘आता जखम भरली असेल. मग या गोळ्या कशाला? हिरड्यांतून रक्त येतं.’’

साधा स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. आच्छादित स्टेंटच्या जाळीवर पातळ पडदा असतो, बरेचदा टेफ्लॉनच्या जातीचा. तो भोक बंद करतो. पण रक्ताच्या दृष्टीनं तो परकाच.

आपल्या रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. ते शाबूत असेल तर रक्त न गोठता वाहतं. स्टेंट बसवताना ते खरवडलं जातं. काही मिनिटांतच तिथं रक्तातल्या चपट्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, चिकटतात. मग पांढऱ्या पेशी येतात. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूपेशी पातळ थर विणतात आणि त्यावर नवं अस्तर चढतं.

उघड्या जाळीत हे अस्तर फटींमधूनही येतं. पडद्यातून वाट नाही. आपल्याकडे गुळगुळीत गिलाव्यावर शेवाळ कडेनं सरकत येतं, तसं अस्तर मुख्यतः दोन्ही टोकांकडून येतं. मधला भाग कित्येक महिने उघडा राहू शकतो. तोवर तिथं गुठळी धरण्याची भीती असते. म्हणून अ‍ॅस्पिरीन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ देतात. त्या अचानक बंद केल्या, तर गुठळी वाट अडवून झटका आणू शकते.

उलटा धोकाही आहे. टोकांशी थर गरजेपेक्षा जाड वाढला, तर वाट पुन्हा अरुंद होते. चालताना छाती पुन्हा भरून येऊ लागली, तर ते अंगावर काढू नये.

मराठीत आपण म्हणतो, जखम ‘भरते’. हातावरची भरली तर आनंदच. रक्तवाहिनीला मात्र भरायचं नसतं, फक्त अस्तर लावून घ्यायचं असतं. आणि ते शिवण बाहेरून दिसत नाही. बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे.

हे सांगितल्यावर मामू गप्प बसले. हिरड्यांचं रक्त डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ब्रश बदलायला सांगितला, गोळ्या नाहीत. दात काढायचा असो वा दुसरं ऑपरेशन असो, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं, असंही बजावलं.

आता रेडिओवर सकाळच्या बातम्या लागल्या की मामू पाण्याचा पेला मागतात.