कपात जागेची, माणसाची नव्हे

नोकरकपातीत सापडलेला मनुष्य प्रथम काम शोधीत नाही, तोंड लपवितो. सकाळी डबा घेऊन निघावे, दिवसभर बागेत बसावे आणि ठरल्या वेळी घरी परतावे, असे दिवस काढणारे गृहस्थ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील.

ही लाज अनाठायी आहे. १९५३ साली औद्योगिक कलह कायद्यात झालेली दुरुस्तीच पाहा. सलग वर्षभर सेवा झालेल्या कामगाराला कपातीपूर्वी एक महिन्याची नोटीस, सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार आणि पुन्हा भरती निघाल्यास अग्रहक्क तिने दिला. अपराध्याला कोणी असा हक्क देतो काय? २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने नवे कसब शिकण्यासाठी आणखी १५ दिवसांच्या वेतनाची तरतूद केली.

तेव्हा आधी घरी खरे सांगावे. मग सेवेचा दाखला व हिशेब मागून घ्यावा. वाचल्यावाचून सही करू नये. त्यानंतर आपला जुना हुद्दा नव्हे, तर आपल्याला काय करता येते, ते दहा जणांच्या कानावर घालावे.

आणि आपण शेजाऱ्यांनी? नुसती हळहळ नको. एखादी रिकामी जागा कळवावी.