शाळा किती मिनिटांवर आहे?

बऱ्याच गावांत सातवी-आठवीपर्यंत शाळा असते. हायस्कूल मात्र तीन, पाच, कधी आठ किलोमीटरवर असते. याच टप्प्यावर काही मुली शाळेतून गळतात, हा आपणा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव. कारण विचारले तर ‘घरी काम असतं’, ‘आता पुढे शिकून काय करायचं?’ अशी उत्तरे मिळतात. या उत्तरांमागे अंतराचा वाटा किती, हे मोजता येईल का?

बिहारमध्ये ते मोजले गेले. तेथे २००६ साली मुख्यमंत्री बालिका सायकल योजना सुरू झाली. नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २००० रुपये मिळू लागले आणि नववीतील मुली वाढल्या. पण त्या सायकलीमुळेच वाढल्या कशावरून? इतर सुधारणाही त्याच काळात होत होत्या.

कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्यासाठी तिहेरी तुलना केली. मुलींची मुलांशी, १४-१५ वर्षांच्या मुलींची योजनेचा लाभ न मिळालेल्या १६-१७ वर्षांच्या मुलींशी आणि बिहारची शेजारच्या झारखंडशी. (ही दोन्ही राज्ये २००० सालापर्यंत एकच होती.) २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, योजनेमुळे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटली.

आता एक शंका उरते. हा परिणाम सायकलीचा की हाती आलेल्या पैशाचा? पैशाचा असता, तर शाळेजवळच्या गावांतही तेवढीच वाढ दिसली असती. प्रत्यक्षात वाढ मुख्यतः हायस्कूल तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत झाली. म्हणजे काम केले ते सायकलीने.

हे कसे घडते, ते साध्या गणिताने कळेल. ताशी ४ किलोमीटर वेगाने चालल्यास ५ किलोमीटरला ७५ मिनिटे लागतात. सायकलचा वेग ताशी १२ किलोमीटर धरला तर २५ मिनिटे. जाऊन येऊन रोज १०० मिनिटे वाचतात. तेवढ्यात घरचे पाणी भरून होते, अभ्यासही होतो. शिवाय मुली घोळक्याने सायकलवरून जाऊ लागल्या की पालकांची धास्ती कमी होते.

म्हणजे खरे अंतर किलोमीटरमध्ये नसून मिनिटांत आणि भीतीत असते. आपल्याकडे ग्रामीण भागातील मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो. पण गाडीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळली नाही, तर पास दप्तरातच राहतो.

हा प्रयोग आपल्या वर्गातही करता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याला घरापासून शाळेपर्यंत किती मिनिटे लागतात ते लिहून घ्यावे. शेजारी वर्षभरातली गैरहजेरी मांडावी. मुलगे व मुली यांचे आलेख वेगळे काढावेत. पावसाळ्याचे महिनेही वेगळे पाहावेत. आलेखात अंतराचा परिणाम दिसला, तर तोच कागद घेऊन ग्रामपंचायतीकडे किंवा एस.टी. आगारात जाता येईल. नुसत्या तक्रारीपेक्षा मोजलेल्या आकड्यांना उत्तर देणे भाग पडते.