नाव नसलेले टाके

विलायतेत मुली टाके शिकताना नमुन्याचे कापड भरीत. हौशी लोक ती जमवतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अशा एका कापडावर जेन बॉस्टॉक हे नाव व १५९८ हे साल भरलेले आहे, म्हणून ती आपणांस ठाऊक.

आपल्या मुलींनी शिवणाच्या वहीत धावदोरा, हेम, काज यांचे तुकडे चिकटवले, दोसुतीवर पोपट आणि 'सुस्वागतम्' भरले. खाली नाव क्वचितच! गिरणीच्या थानावरही शिक्का गिरणीचा, साचेवाल्याचा नव्हे. घरात तरी निराळे काय झाले?

तेव्हा जुनी पेटी उघडाल त्या दिवशी आजीला नाव, गाव, वय विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवा. कापड धुऊ नका, लाल दोरा रंग सोडतो. घडीवर ते विरते. सुती फडक्यात सैल गुंडाळावे.