वीस वर्षांनी नवं होणारं देऊळ



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत गावातल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी निघाली. सागवानी खांब काढून स्लॅब टाकायचा, असं चाललंय. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एका काकूंनी विचारलं, "मग त्या खांबांचं काय करणार?" कुणालाच उत्तर देता आलं नाही. त्यावरून आम्हाला जपानमधलं एक देवस्थान आठवलं. आम्ही काही तिथं गेलेलो नाही, वाचलंय आणि चित्रफिती पाहिल्यात. पण आज बसल्या जागी तुम्हाला तिथं नेऊन आणतो.

जपानच्या मिए प्रांतात इसे नावाचं शहर आहे. तिथलं इसे जिंगू हे शिंतो धर्माचं सगळ्यात मानाचं ठिकाण. शिंतो म्हणजे जपानी लोकांचा मूळचा धर्म. डोंगर, झाड, नदी, धान्य यांत ते देव पाहतात. इसेला लहानमोठी मिळून 125 देवळं आहेत, पण मुख्य दोन. बाहेरचं देऊळ गेकू, तिथं तोयोउके ही अन्नाची देवी. आतलं नाइकू, तिथं अमातेरासू ही सूर्यदेवी. हो, तिथं सूर्य म्हणजे बाई! आधी अन्नदेवीचं दर्शन, मग सूर्यदेवीचं, अशी रीत. गेकूमध्ये रोज दोन वेळा नैवेद्य होतो. भात, मीठ, पाणी, मासे, भाजी, फळं. त्यासाठी लाकडावर लाकूड घासून विस्तव काढतात. तांदूळ देवस्थानच्याच शेतातला.

नाइकूला जाताना इसुझू नदीवरचा शंभरेक मीटरचा लाकडी पूल लागतो. त्याच्या दोन्ही टोकांना तोरी असते, म्हणजे दोन खांब आणि वर आडव्या तुळया अशी कमान. तिथं वाकून नमस्कार करायचा आणि पुढं वाटेच्या कडेनं चालायचं, मधली वाट देवाची. मग पाण्याचं टाकं येतं. लांब दांड्याच्या पळीनं आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची. पळीला तोंड लावायचं नाही. चपला मात्र काढायच्या नाहीत, कारण आत जायचंच नसतं. देऊळ कुंपणांच्या आत. आपण फाटकाशी, पांढऱ्या पडद्यासमोर उभं राहायचं. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. इथं मागणं मागत नाहीत, नुसते आभार मानतात, असा प्रघात आहे. आपल्यातल्या काहीजणींचं कसं निभावेल कोण जाणे!

या देवळाच्या खांबांखाली दगड नसतो, ते थेट जमिनीत पुरतात. छपराला गवत. म्हणजे लाकूड कुजणारच. म्हणून दर वीस वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर हुबेहूब तसंच देऊळ उभारतात आणि रात्रीच्या वेळी देवीला तिकडं नेतात. याला सेंगू म्हणतात. 62 वा सेंगू 2013 मध्ये झाला. पुढचा 2033 मध्ये आहे आणि त्याचे विधी 2025 मध्येच सुरू झाले. देवीची वस्त्रं, तलवारी अशा दीड हजारांवर वस्तूही नव्यानं घडवतात.

आम्हाला सगळ्यात पटलं ते हे वीस वर्षांचं गणित. विशीत हाताखाली शिकणारा सुतार चाळिशीत मुख्य कारागीर होतो आणि साठीत बाजूला बसून चुका सांगतो. लाकडाचंही तसंच. एका सेंगूला हिनोकी नावाच्या सुगंधी लाकडाची सुमारे दहा हजार झाडं लागतात. जवळचं जंगल पुरेना, तेव्हा 1923 साली दोनशे वर्षांचा आराखडा करून लागवड धरली. लावणाऱ्यांपैकी कुणीच ते खांब बघणार नव्हतं.

पहिला सेंगू 690 साली झाला, जितो नावाच्या सम्राज्ञीच्या काळात. पण पुढं लढायांच्या धामधुमीत पैसा आटला. गेकूचा सेंगू 1434 नंतर 129 वर्षं झालाच नाही. म्हणजे आधीचं देऊळ बांधणारा एकही हात शिल्लक राहिला नव्हता. तो पुन्हा घडवून आणला सेइजुन नावाच्या एका बौद्ध भिक्षुणीनं. ठिकठिकाणी फिरून तिनं वर्गणी जमवली. आधी नदीवरचा पूल झाला, मग 1563 मध्ये गेकूचं देऊळ. तिच्यामागून आलेल्या शुयो या भिक्षुणीनं काम पुढं नेलं आणि 1585 मध्ये दोन्ही देवळांचा सेंगू पार पडला. चार घरी वर्गणी मागताना काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

आता काकूंचा प्रश्न. तिथं जुनं लाकूड टाकून देत नाहीत. दोन्ही मुख्य देवळांच्या आढ्याला आधार देणारे मोठे खांब तासून पुलाच्या टोकांच्या तोरी करतात. तिथं वीस वर्षं उभे राहिले की ते इसेच्या जुन्या यात्रामार्गावर दुसऱ्या ठिकाणी तोरी म्हणूनच जातात. बाकीचं लाकूड देशभरातल्या देवळांना देतात, भूकंपात पडलेल्या देवळांनाही.

हे ऐकून काकू म्हणाल्या, "मग आपले खांब मोजून तरी ठेवा गं." आम्ही जाऊन मोजले. चौदा भरले, त्यातले दोनच किडलेले. येत्या बैठकीत हाच विषय पहिला घेतलाय, आणि देवस्थानच्या पंचांनाही बोलावलंय.