प्रवाससवयींचे परिवर्तन व सार्वजनिक अर्थसाहाय्य

लोकांनी खाजगी वाहनाऐवजी बस, रेल्वे वा सायकल वापरावी अथवा पायी जावे, या हेतूने शासन व स्थानिक संस्था जो खर्च करतात, त्याचा या विषयात अंतर्भाव होतो. भाडेसवलत, पासवाटप, मार्ग व वेळापत्रके यांची घरपोच माहिती, वाहनमुक्त दिवस व सायकलींना उत्तेजन हे त्याचे प्रमुख प्रकार होत. रस्ता वा पूल बांधला, तर तो मत्ता म्हणून हिशेबात राहतो. सवय बदलण्यावर झालेल्या खर्चाची अशी मत्ता होत नाही. त्यामुळे अंदाजपत्रकात त्याची तरतूद अल्प असते व काटकसरीच्या वेळी प्रथम तीच कापली जाते.

अशा योजनांचा पद्धतशीर प्रयोग ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी झाला. तेथील साउथ पर्थ या उपनगरात १९९७ मध्ये लहान प्रमाणावर व २००० मध्ये विस्तृत प्रमाणावर घरोघर संपर्क साधून, इच्छुक कुटुंबांना त्यांच्या नित्याच्या प्रवासाला उपयोगी पडेल तेवढीच माहिती पुरविण्यात आली. दुसऱ्या टप्प्यात मोटारीच्या फेऱ्या सु. १४ टक्क्यांनी घटल्याचे नोंदले गेले. इंग्लंडमध्ये डार्लिंग्टन, पीटरबरो व वुस्टर या तीन शहरांत २००४–०९ या काळात सु. १ कोटी पौंड खर्च करण्यात आले व दरडोई मोटारफेऱ्यांत सु. ९ टक्के घट आढळली. हे आकडे मुख्यत्वे नागरिकांनी स्वतः दिलेल्या माहितीवर आधारलेले असल्याने ते काहीशा सावधपणेच स्वीकारावे लागतात. शिवाय या शहरांत बससेवा आधीपासून उपलब्ध होती. लोकांना तिच्याकडे वळविणे एवढेच काम उरले होते.

भारतात २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या ने-आणीला प्राधान्य द्यावे, हे तत्त्व मान्य केले. तथापि निधी मुख्यत्वे बांधकामाकडेच गेला. २०२० मध्ये केंद्र शासनाने सायकल-प्रोत्साहनासाठी शहरांची स्पर्धा घेतली. तीत निवडलेल्या ११ शहरांना, ज्यांत नागपूर व पिंपरी-चिंचवड यांचा समावेश होता, प्रत्येकी १ कोटी रु. देण्यात आले. याउलट पुणे मेट्रोच्या वनाझ–चांदणी चौक व रामवाडी–वाघोली या एकूण १२·७५ किमी. लांबीच्या विस्तारासाठी जून २०२५ मध्ये ३,६२६ कोटी रु. खर्चाची मंजुरी मिळाली. दोन्ही खर्चांचे स्वरूप भिन्न असले, तरी प्रमाणातील अंतर लक्षणीय आहे.

महाराष्ट्रात सवयीवर परिणाम करणारा मोठा सार्वजनिक खर्च एस्‌टीच्या भाडेसवलतींच्या रूपाने होतो. ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास व महिलांना १७ मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागली. तिची भरपाई राज्य शासन महामंडळाला करते. या योजनांचा उद्देश कल्याणकारी असला, तरी वडाप वा दुचाकी सोडून एस्‌टीने जाण्यास त्या प्रवृत्त करतात. जून २०२४ पासून विद्यार्थ्यांचे पास शाळा-महाविद्यालयांतच देण्याची पद्धत सुरू झाली. हिला खर्च फारसा नाही. परंतु आगारातील रांग वाचते, व अशी गैरसोय दूर होण्याचे महत्त्व सवलतीच्या टक्केवारीहून कमी नसते.

पुण्यात १ नोव्हेंबर २०१२ रोजी ‘सकाळ’ वृत्तपत्राच्या पुढाकाराने बस दिन पाळण्यात आला. त्या दिवशी नेहमीपेक्षा अधिक बसगाड्या रस्त्यावर आणण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी जादा गाड्या परत गेल्या. पुरेशी सेवा मिळाली, तर नागरिक बसकडे वळतील काय, हा प्रश्न त्या प्रयोगाने विचारला. परंतु उत्तर मिळण्यास एक दिवस अपुरा होता. जुलै २०२१ मध्ये शहराच्या मध्यभागात १० रुपयांत दिवसभर प्रवासाची ‘पुण्यदशम’ सेवा सुरू झाली. तिचा लाभ अर्थातच मध्यवस्तीपुरता होता.

शहराच्या हद्दीबाहेर प्रश्न अधिक अवघड होतो. मुळशी तालुक्यातील भुकूम हे गाव पुणे–पौड रस्त्यावर, चांदणी चौकापलीकडे भूगाव व पिरंगुट यांच्या दरम्यान वसले आहे. रामनदीचा उगम या परिसरात होतो. पूर्वी शेतीप्रधान असलेल्या या पट्ट्यात गृहसंकुले वाढली व कामासाठी रोज पुण्याकडे, तसेच पिरंगुटच्या कारखान्यांकडे जाणाऱ्यांची रहदारी एकाच रस्त्यावर आली. जून २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत २३ गावे समाविष्ट झाली, त्यांत बावधन बुद्रुक होते. भूगाव व भुकूम मात्र हद्दीबाहेर राहिली.

हद्दीचा हा परिणाम पासाच्या किंमतीत दिसतो. शहराची बससेवा चालविणारे पुणे महानगर परिवहन महामंडळ (स्थापना २००७) हे पुणे व पिंपरी-चिंचवड या महानगरपालिकांचे असून, त्याची संचलन तूट त्या अनुक्रमे ६० व ४० टक्के या प्रमाणात भरून देत आल्या आहेत. १ जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर दोन्ही महानगरपालिकांच्या हद्दीतील दैनिक पास ७० रु., तर संपूर्ण महानगर प्रदेशाचा १५० रु. झाला. भुकूमहून शहरात जाऊन तेथे दोन-तीन बस बदलणाऱ्यास दुसराच पास घ्यावा लागतो. दुचाकीच्या पेट्रोलशी तुलना करता एवढ्या रकमेत बसकडे वळण्याचे आकर्षण उरत नाही. आणि नव्या वसाहतीत राहावयास आलेले कुटुंब पहिल्या काही महिन्यांतच वाहन घेऊन मोकळे होते. सवय घडण्याचा काळ तोच असतो, व नेमका त्याच काळात सवलतीचा पैसा तेथवर पोहोचत नाही.

ही तूट कोणी भरावी, हाच येथील वादाचा मुद्दा आहे. महानगरपालिकांचे करदाते हद्दीबाहेरील प्रवाशांचा भार का सोसावा असे विचारतात. ग्रामपंचायतींची उत्पन्ने त्यासाठी पुरेशी नाहीत. २०१५ मध्ये स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण या भागातील बांधकामांकडून विकास शुल्क घेते. त्यातील काही अंश पासाच्या सवलतीकडे वळविणे तर्काला धरून होईल. मंजूर झालेला मेट्रोमार्ग चांदणी चौकाशी थांबतो. तेथून भुकूमपर्यंतचा उरलेला प्रवास बसनेच व्हावयाचा असल्याने मेट्रो व बस यांचा संयुक्त पास कोणत्या दराने व कोणाच्या खर्चाने द्यावयाचा, हे मार्ग सुरू होण्यापूर्वीच ठरवावे लागेल.